हौसाबाईंच्या प्लॅस्टरवरचे अकरा एक

“मी सही करणार नाही,” रूथबाई म्हणाल्या आणि त्यांनी विणकाम पुन्हा हातात घेतलं.

डॉक्टर मुळगुंद त्यांच्या कॉटच्या पायथ्याशी उभे होते. सकाळचा राउंड चालू होता. त्यांच्यामागे सिस्टर, आणि सिस्टरच्या मागे, काही काम नसताना, हौसाबाई. हौसाबाईंचा उजवा हात खांद्यापासून मनगटापर्यंत प्लॅस्टरमध्ये होता, पण पाय धडधाकट होते. त्यामुळे वॉर्डात कुठल्याही कॉटशी काही घडत असलं की त्या तिथं हजर असायच्या.

ही गोष्ट शहात्तर सालची, कृष्णाकाठच्या एका मिशन इस्पितळातली. बायकांचा हाडांचा वॉर्ड. मी तेव्हा वीस वर्षांची होते. माळ्यावरचा पितळेचा हंडा काढताना शिडीसकट खाली आले आणि मांडीचं हाड मोडून घेतलं. पायाला दोरी, ती कप्पीवरून खाली सोडलेली आणि तिला वाळूच्या पिशव्या टांगलेल्या, अशा थाटात मी उताणी पडून होते. शेजारच्या कॉटवर रूथबाई साळवे. मिशनच्या मुलींच्या शाळेत त्यांनी जन्मभर गणित शिकवलं होतं आणि हेडमिस्ट्रेस होऊन त्या निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलं नव्हतं. चर्चच्या ओल्या पायरीवरून घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं.

खिळा घालून हाड बसवलं तर बाई काठी घेऊन का होईना, चालू लागतील, असं डॉक्टरांचं म्हणणं होतं. नाहीतर तीन महिने वजन लावून पडून राहायचं आणि त्यानंतरही हाड सांधेल याची खात्री नाही. शिवाय या वयात इतकं पडून राहिलं की पाठीला जखमा होतात, छाती भरते. आणि खिळा घालायचा तर दोन आठवड्यांच्या आत. हे ते रोज सकाळी समजावून सांगायचे. बाई रोज शांतपणे ऐकून घ्यायच्या आणि नाही म्हणायच्या.

त्या दिवशी डॉक्टरांनी स्टूल ओढलं आणि बसलेच.

“बाई, तुम्ही हो म्हणावं म्हणून मी काय करू ते तरी सांगा.”

रूथबाईंनी त्यांच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. मग त्यांचं पेन मागून घेतलं. आजूबाजूला कागद दिसेना, तेव्हा हौसाबाईंना म्हणाल्या, हात पुढं करा. आणि त्या पांढऱ्या प्लॅस्टरवर त्यांनी एकापुढं एक असे एकाचे अकरा आकडे काढले. शाळेच्या फळ्यावर काढावेत तसे, सरळ आणि सारख्या उंचीचे.

“या अकरा आकडी संख्येचे अवयव पाडा,” त्या म्हणाल्या. “ज्या दिवशी पाडाल त्या दिवशी मी सही करते.”

डॉक्टर मुळगुंद तरुण होते आणि इंटरला गणितात चांगले मार्क होते, हे त्यांनी वॉर्डात एकदोनदा ऐकवलं होतं. त्यांनी प्लॅस्टरकडं नजर टाकली आणि उद्या सकाळी उत्तर आणतो म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांचे डोळे लाल होते. दोन, तीन, पाच, सात करत ते शंभराच्या पुढं गेले होते आणि एकाही संख्येनं भाग गेला नव्हता. बाईंनी लोकरीचा गुंडा सोडवला.

जाता जाता डॉक्टर माझ्या कॉटशी थांबले. “मगदूम, तू बी.एस्सी.ला आहेस ना?”

मी सांगितलं, होते. दुसऱ्या वर्षाला गणितात नापास झाले, आता सोडलं. घरी जयसिंगपूरचं एक स्थळ आलं होतं आणि पाय बरा होण्याचीच वाट होती, हे काही मी सांगितलं नाही.

“नापास तर नापास. तुझ्याकडं वेळ आहे. माझं रात्रीचं धरू नकोस, झोपेत केलंय; तू खालून वर जा, मी वरून खाली येतो.”

सिस्टरनं मुलांच्या वॉर्डातून पाटी आणि खडू आणून दिले. पाटी छातीवर उभी धरायची आणि मान उचलून भागाकार करायचा. सारखा खडूचा चुरा डोळ्यांत जायचा. मी नेटानं सुरुवात केली, ती बाईंना बरं करायला म्हणून नव्हे. दिवसभर छताच्या पंख्याकडं बघून कंटाळले होते, एवढंच.

वॉर्डात ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. भेटायला येणारे लोक हौसाबाईंचा हात बघायला येऊ लागले. त्या दंडाला फडकं गुंडाळून ठेवायच्या आणि कुणी विचारलं की उघडून दाखवायच्या. “ह्ये आकरा खांब हाईत,” असं सांगायच्या. “डाक्टरला बी हलंनात.” एका पाहुण्यानं त्यावर तुळशीचं पान ठेवून नमस्कार केला, तेव्हा सिस्टर रागावली.

माझे भागाकार चालू होते आणि चुकतही होते. मी पुटपुटत आकडे मांडायचे. शेजारच्या कॉटवर सुया चालत असायच्या, आणि मध्येच त्या थांबायच्या.

“सात नव्वे?”

“चौसष्ट.”

“त्रेसष्ट.”

आणि सुया पुन्हा सुरू. बाई माझ्याकडं बघतसुद्धा नव्हत्या, पण त्यांच्या कानातून चूक सुटत नव्हती. तीननं भाग जाणार नाही हे बेरजेवरून कसं कळतं, अकरानं जाणार नाही हे एक सोडून एक अंकांवरून कसं कळतं, हे त्यांनी मला भागाकार न करता दाखवलं. शाळेत ते नियम मी पाठ केले होते. ते असे का आहेत हे मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

दोन दिवसांनी दुपारी मी सतरानं भागून बाकी काढली. भाग जात नव्हता. मग एकोणीस, तेवीस असं करत पुढं गेले, मान दुखायला लागली म्हणून थोडे डोळे मिटले आणि जाग आल्यावर एक्कावन्न घेतले. निम्मा भागाकार झाला असेल. बाईंनी विणकाम पोटावर आपटलं.

“थांब,” त्या म्हणाल्या. “पाटी पूस.”

मी पुसली.

“तुझ्या या संख्येला जी कुठली मूळ संख्या भागेल ना, तिच्यातून एक वजा केला की बाकीच्याला बावीसनं भाग जातो. जायलाच पाहिजे. तेव्हा तेवीसपासून सुरू कर आणि बावीस-बावीसनं पुढं जा. तेवीस, पंचेचाळीस, सदुसष्ट, एकोणनव्वद. त्यातल्या तीन, पाच, सातनं भाग जाणाऱ्या गाळून टाक. पंचेचाळीस गेले. उरतील तेवढ्यांनीच भाग. बाकी सगळ्या सोड.”

मी विचारलं, असं का?

“ते कॉलेजात शिकवतात.”

“पण मी कॉलेज सोडलंय, बाई.”

“मग विश्वास ठेव आणि भाग,” असं म्हणून त्यांनी विणकाम उचललं आणि कूस वळवता येत नव्हती म्हणून नुसतं तोंड फिरवलं.

त्या क्षणी मला त्यातलं काही उमगलं नाही. मला फक्त आनंद झाला. दहा-दहा, वीस-वीस भागाकारांतला एखादाच करायचा उरला होता. पलीकडं काहीतरी होतं, ज्यामुळं त्या अकरा एकांना बावीसच्या टप्प्यांनी जाणाऱ्या संख्याच भागू शकत होत्या, आणि ते काय होतं ते मला माहीत नव्हतं. कॉलेजात दोन वर्षं मी गणित लिहून घेतलं, पण काही माहीत नसल्याची अशी रुखरुख मला तिथं कधी लागली नव्हती.

त्यानंतरचे दिवस भरभर गेले. सकाळी अंग पुसून झालं की मी पाटी घ्यायचे. सिस्टर पुढच्या संख्या फळीवर लिहून ठेवायची, कारण तिचं अक्षर चांगलं होतं. हौसाबाई डाव्या हातानं पाटी पुसायच्या आणि खडूला टोक काढून द्यायच्या. डॉक्टर एक लाख पाच हजारांपासून खाली येत होते, कारण त्यापुढं तपासायची गरज नाही एवढं त्यांना इंटरचं आठवत होतं. रात्रपाळी संपवून ते येत आणि आज दोन झाले, असं सांगून जात. बावीसचं कळल्यावर त्यांचाही वेग वाढला, तरी ते कुठंतरी लाखाच्या घरातच घुटमळत राहिले. मी दहा हजार ओलांडले तेव्हा सिस्टरनं सगळ्यांना चहाबरोबर एकेक जास्तीचं बिस्किट दिलं.

माझे वडील, आण्णा, शनिवारी यायचे. आमची पिठाची गिरणी होती. त्यांच्या भुवयांवर कायम पांढरी भुकटी असायची, आणि आता माझ्याही. ते पाटीकडं बघायचे, काही विचारायचे नाहीत. एकदा फक्त म्हणाले, त्या जयसिंगपूरच्या लोकांना मी सांगितलंय, दिवाळीनंतर या म्हणून.

अशाच एका दुपारी हौसाबाईंनी बाईंना सरळच विचारलं, एवढं भ्यायला काय झालं. वॉर्डात असं विचारायची हिंमत दुसऱ्या कुणात नव्हती. मला वाटलं बाई त्यांना हाकलून देतील. त्यांनी लोकर गुंडाळून ठेवली आणि सांगितलं.

त्यांची धाकटी बहीण एस्तेर. दुसऱ्या गावात, दुसऱ्या इस्पितळात, आतड्याचं साधं ऑपरेशन होतं. बाई बाहेर बाकावर बसून सहामाहीच्या वह्या तपासत होत्या. आत भूल दिली ती उतरलीच नाही. आतून कुणीतरी बाहेर आलं तेव्हा बाईंच्या हातात लाल पेन्सिल होती आणि एका मुलीचं उदाहरण अर्धवट तपासून झालं होतं.

“दुखायची भीती नाही मला,” त्या म्हणाल्या. “झोपवतील त्याची आहे.”

हौसाबाई त्यांच्या पायाशी बसून राहिल्या. मी पाटी बाजूला ठेवली. तोवर मी सतरा-अठरा हजारांवर पोचले होते. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की मी जे करतेय ते जमलं तर बाईंना त्या दारातून आत जावं लागणार. थोड्या वेळानं मी त्यांना म्हणाले, नको असेल तर मी थांबते. डॉक्टरांना सांगते, मान दुखते म्हणून.

“कितीवर आहेस?”

मी सांगितलं.

“मग पुढचं घे. अर्धवट टाकलेलं उदाहरण मला चालत नाही.”

डॉक्टरांनी दिलेली मुदत संपत आली होती. त्या सकाळी राउंडला ते हसले नाहीत. हाड आता वाट बघणार नाही, एवढंच म्हणाले आणि पुढं गेले. जेवणं झाली. वॉर्डात बहुतेकजणी झोपल्या होत्या. मी एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास घेतले. आता मला प्रत्येक भागाकाराच्या शेवटी काय होणार ते पाठ झालं होतं: शेवटचा एक खाली उतरवायचा, वजाबाकी करायची, आणि काहीतरी उरायचं. शेवटचा एक उतरवला. वर नऊचा भाग लावला. नऊपट मांडली. वरचा आणि खालचा आकडा एकच होता.

मी खडू तसाच धरून राहिले. सुयांचा आवाजही थांबला होता.

“बाकी किती?” बाईंनी विचारलं.

खोटं बोलायचं माझ्या मनात आलं नाही, असं मी म्हणणार नाही. पण त्यांच्यासमोर आकडा खोटा सांगणं जमण्यासारखं नव्हतं.

“शून्य.”

“ताळा कर.”

मी पाटी पुसून गुणाकार मांडला. पाच लाख तेरा हजार दोनशे एकोणचाळीस गुणिले एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास. एकेक ओळ मोठ्यानं म्हणत गेले. बाई डोळे मिटून माझ्याबरोबर करत होत्या, त्यांचे ओठ हलताना दिसत होते. बेरीज करताना प्रत्येक घरात एक येत गेला. मी म्हणत होते, एक, एक, एक, आणि हौसाबाई स्वतःच्या हातावर बोट ठेवून एकेक खांब मोजत होत्या.

“आकरा भरलं,” त्या म्हणाल्या.

बाईंनी डोळे उघडले. मग त्यांनी सिस्टरला हाक मारली आणि डॉक्टरांना बोलवायला सांगितलं. डॉक्टर जवळजवळ धावत आले. त्यांनी पाटी बघितली, माझ्याकडं बघितलं. मी तर अजून नव्वद हजारांच्यावरच आहे, असं म्हणाले आणि पहिल्यांदा मोकळे हसले. बाईंनी त्यांच्याच पेननं सही केली. अक्षर तसंच, सरळ आणि सारख्या उंचीचं.

ते गेल्यावर मी विचारलं, “बाई, बावीसचं तुम्हीच सांगितलंत. नसतं सांगितलं तर मला जन्मात जमलं नसतं. का सांगितलंत?”

“तू सतरानं भागून बघितलं होतंस,” त्या म्हणाल्या. “सतरानं जात नाही हे माहीत असताना एक्कावन्न घेतलेस. ते मी किती वेळ बघत बसू?”

त्यांनी चष्मा काढून पुसला. “मी एवढंच म्हटलं होतं, अवयव पाडा. शिकवणार नाही असं कुठं म्हटलं होतं?”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना न्यायला ढकलगाडी आली. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. हौसाबाईंनी डाव्या हातानं त्यांच्या कपाळावरचे केस मागं सारले. गाडी माझ्या कॉटशी आली तेव्हा बाईंनी ती थांबवायला लावली.

“ते पाच लाख तेरा हजार आहेत ना,” त्या म्हणाल्या. “तेही आणखी तुटतात का बघून ठेव. मी आल्यावर विचारणार आहे.”

दार बंद झालं. मी पाटी घेतली. नवी संख्या लिहिली. पुन्हा तेवीसपासून सुरुवात करायची म्हणून तेवीस लिहिले आणि खडू टेकवला. भाग लावायच्या आधीच काहीतरी खटकलं. हे मी केलेलं होतं. ही संख्या नव्हे, पण हेच. मी नुसतीच बघत राहिले. हौसाबाई दर पाच मिनिटांनी त्या बंद दारापर्यंत जाऊन परत येत होत्या आणि मला म्हणत होत्या, लिही की, थांबलीस कशाला. मी लिहिलं नाही. जे दिसत होतं ते मी मनात उलटसुलट करून बघत होते, आणि ते खरं होतं. ऑपरेशन किती वेळ चाललं ते मला सांगता येणार नाही. हौसाबाई म्हणायच्या, फार वेळ. मला तसं वाटलं नाही, आणि याचं मला नंतर जरा वाईटही वाटलं.

बाईंना परत आणलं तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते. डॉक्टरांनी गालावर हलकेच थापट्या मारल्या, नाव घेऊन हाका मारल्या. पापण्या हलल्या. ओठ हलले. डॉक्टर खाली वाकले आणि मग सरळ होऊन माझ्याकडं वळले.

“तुला विचारतायत. बघितलंस का म्हणून.”

“बघावंच लागलं नाही, बाई,” मी म्हणाले. माझा आवाज उगीचच मोठा झाला. “त्याला जी मूळ संख्या भागेल ती अकरा एकांनाही भागणारच. आणि ती तुटलीच तर एक तरी तुकडा एकवीस हजारांच्या आतला निघणार, त्या सगळ्यांनी आपण आधीच भागून बघितलंय. एकही जात नव्हती. म्हणजे आता ती तुटत नाही. एकवीस हजारवालीसुद्धा नाही.”

त्यांनी डोळे उघडले नाहीत. पण ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी झालं, आणि डॉक्टर म्हणाले, “झोपू द्या आता. ही झोप चांगली आहे.”

शनिवारी आण्णा आले तेव्हा बाई उशीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी आण्णांना जवळ बोलावलं आणि माझ्याविषयी त्या काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही, कारण मुद्दाम हळू बोलत होत्या. आण्णा टोपी हातात घेऊन उभे होते. नंतर माझ्याकडं येऊन बसले आणि बराच वेळ पाटी हातात धरून तिच्याकडं बघत राहिले.

“ह्याचा उपयोग काय असतो?” त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, मला माहीत नाही.

“आणि तुला ते करावंसं वाटतं?”

मी हो म्हणाले. जयसिंगपूरच्या मंडळींना दिवाळीनंतर या असं सांगितलं होतं; मग आण्णांनी स्वतः जाऊन, मुलगी अजून शिकते, असं त्यांना सांगितलं. आई दोन महिने आण्णांशी धड बोलली नाही. जूनमध्ये मी थोडीशी लंगडत पुन्हा दुसऱ्या वर्षाच्या वर्गात जाऊन बसले.

ते बावीसचं कोडं मला सुटायला पुढं दीड वर्ष लागलं. शेवटच्या वर्षी, थंडीचे दिवस होते, सरांनी फळ्यावर एक सिद्धांत मांडला आणि मला वर्गातच उठून उभं राहावंसं वाटलं. दोन तास बुडवून मी एसटी पकडली आणि रूथबाईंच्या घरी गेले. त्या अंगणात काठी टेकत गुलाबांना पाणी घालत होत्या. मी पायरीवरच बसले आणि अकरा एकांना भागणारी मूळ संख्या अशीच का असावी लागते, ते त्यांना पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. झारी हातात धरून त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “पण मधलं एक गाळलंस. ती संख्या तीन असली तर?”

मी म्हणाले, तीननं भाग जात नाही हे तर आपल्याला माहीतच आहे.

“मग तसं म्हण,” त्या म्हणाल्या आणि झारी खाली ठेवून माझ्याशेजारी सावकाश बसल्या. “चल, पहिल्यापासून सांग.”